दोन क्रेडिटमध्ये मावलेली बाग

सिनॉप्सिसचे दिवस जवळ आले की मेसमध्ये एकच प्रश्न फिरतो, "टायटल काय घेतलंस?" प्रश्न काय घेतलास, असं कुणी विचारत नाही. या टायटलांमध्ये एक गट हमखास असतो, उद्यानविद्या आणि लँडस्केपिंगमधल्या प्रशिक्षणाचा. पदवीधरांची 'मॅनेजेरियल स्किल्स', रोपवाटिकाधारकांच्या 'ट्रेनिंग नीड्स', बागकाम पर्यवेक्षकांची 'नॉलेज लेव्हल' वगैरे. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असं काही घोळत असेल तर आजचं लिखाण तुमच्यासाठी आहे.

विषय चांगला आहे, हे आधीच सांगते. रोप कसं वाढवायचं हे शिकवणारे भरपूर आहेत. चाळीस मजूर, तीन विहिरी, एक थकलेलं बिल आणि मरायला टेकलेलं लॉन हे सगळं एकाच सकाळी कसं सांभाळायचं, हे शिकवणारे फार थोडे. पण आपण या विषयावर जे संशोधन करतो ते बरंचसं पोकळ आहे असं माझं मत आहे, आणि त्याची कारणं दोन ठिकाणी सापडतात. एक सिलॅबसमध्ये, दुसरं प्रबंधाच्या साच्यात.

आधी सिलॅबस. तो आपण परीक्षेसाठी वाचतो. एखाद्या दस्तऐवजासारखा वाचत नाही. एकदा तसा वाचून बघा. आपण ज्याला 'फिफ्थ डीन' म्हणतो त्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. (कृषी)च्या विद्यार्थ्याला एक कोर्स आहे : 'प्रॉडक्शन टेक्नॉलॉजी फॉर ऑर्नामेंटल क्रॉप्स, एमएपीज अँड लँडस्केपिंग', क्रेडिट २ (१+१). म्हणजे आठवड्याला एक तास थिअरी आणि एक प्रॅक्टिकल. सेमिस्टर सोळा आठवड्यांचं धरलं तर सोळा व्याख्यानं. त्यात गुलाब, जर्बेरा, झेंडू, निशिगंध. त्यात अश्वगंधा, कोरफड, गवती चहा. आणि जे उरेल त्यात लँडस्केपिंग. शीर्षकात 'लँडस्केपिंग' शेवटी आलंय हा योगायोग असेलही, पण सेमिस्टर आखडलं की शेवटचाच भाग आखडतो हे तुम्हालाही माहीत आहे. बी.एस्सी. (उद्यानविद्या)वाल्यांचं नशीब जरा बरं, त्यांना लँडस्केपचा स्वतंत्र कोर्स आहे. पण तिथेही शैली, तत्त्वं, घटक यांचीच चलती. मुघल बाग, जपानी बाग, इंग्लिश बाग, अॅक्सिस, फोकल पॉइंट. बाग उभी राहिल्यानंतर पुढची दहा वर्षं ती कोण चालवणार आणि कशाच्या जोरावर, हा प्रश्न त्या सिलॅबसला पडलेलाच दिसत नाही.

व्यवस्थापन वेगळ्या दारातून येतं : 'फार्म मॅनेजमेंट', 'मार्केटिंग', 'आंत्रप्रेन्युअरशिप'. हे कोर्स दुसऱ्या विभागाचे, दुसऱ्या शिक्षकांचे, आणि त्यांतली उदाहरणं गहू, ऊस आणि दुधाची. दोन्ही गोष्टी एकाच मुलाला शिकवल्या जातात, पण एका खोलीत कधीच भेटत नाहीत.

राहुरीचं उदाहरण घेते, कारण ते डोळ्यांसमोर आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. 'मृदुला', 'फुले आरक्ता', 'भगवा' हे डाळिंबाचे वाण घराघरात पोहोचवणारं हे विद्यापीठ. त्याच्याही आधी पुण्यात गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रावर डॉ. चीमा यांनी निवडलेलं डाळिंब पुढे 'गणेश' म्हणून महाराष्ट्रभर गेलं. वाणांच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नाही. पण डाळिंबाचा बहार कोणता धरायचा, आंबे, मृग की हस्त, हा प्रश्न वर्गात कसा शिकवतात ते आठवा. पाण्याचा ताण किती दिवस, पानगळ कशी, खताचा डोस किती. खरं तर बहाराची निवड हा संपूर्णपणे मॅनेजरचा निर्णय आहे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती असणार, तेल्याचा धोका कोणत्या हंगामात जास्त, छाटणीला मजूर मिळणार का, आणि माल निघेल तेव्हा बाजारात अजून कुणाचा माल असेल. चार अनिश्चित गोष्टींचं वजन करून एक निर्णय घ्यायचा. आपण त्यातला झाडाचा भाग पाठ करून घेतो आणि निर्णयाचा भाग 'अनुभवाने येतो' म्हणून सोडून देतो.

लँडस्केपमध्ये तर हे आणखी ठळक दिसतं. एक साधं गणित करू. एका एकराचं लॉन, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दिवसाला ५ मिमी पाणी लागतं असं धरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी हा हात आखडता घेऊनच धरलेला आकडा आहे. तरी रोजचे झाले २० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन खेपा. अकोले तालुक्याचा घाटाकडचा पट्टा सोडला तर हा जिल्हा अवर्षणाचा. इथे एखाद्या शाळेला किंवा कारखान्याला एकरभर लॉन सुचवणारा पदवीधर चित्र सुंदर काढत असेल. मॅनेजर मात्र तो नव्हे. आणि गंमत म्हणजे याच जिल्ह्यात हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवते. थोडं मागे जायचं तर निजामशाहीतला फराहबाग बघा. तलावाच्या मधोमध महाल, सभोवती बाग. नगर शहराला आणि या बागांना खापरी नळांनी लांबून पाणी आणलं होतं. आज महाल उभा आहे, तलाव कोरडा आहे. आपण तिथे सहलीला जातो, सेल्फी काढतो आणि 'मुघल बागेची वैशिष्ट्ये'वर टीप लिहितो. पाण्याच्या सोयीवर एक ओळ लिहीत नाही. (तो बाग मुघलांचा नव्हता, हेही कुणी म्हणत नाही, असो.)

दुसरं उदाहरण शिर्डीचं. साईबाबांच्या मंदिरात वाहिल्या जाणाऱ्या फुलांवर आसपासच्या गावांतल्या किती शेतकऱ्यांचा संसार होता, हे कोरोनात दिसलं. मंदिर बंद झालं, पुढे उघडलं, तरी हार-फुलं आत नेण्यावरची बंदी तशीच राहिली. आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ च्या अखेरीस फुलं पुन्हा आत गेली. काही वर्षं ज्याच्याकडे गुलाबाचा मळा होता त्याला 'गुलाबाची उत्पादन तंत्रे' माहीत होती की नाही, याने काय फरक पडला असता? त्याचा प्रश्न होता एकाच गिऱ्हाईकावर अवलंबून राहण्याचा. हा व्यवस्थापनाच्या पुस्तकातला पहिला धडा आहे आणि फुलशेतीच्या पुस्तकात तो कुठेच नाही.

आता दुसरी बाजू, आपले प्रबंध. इथे जरा थांबून वाचा, कारण उद्या हे तुम्हीच करणार आहात.

साचा ठरलेला आहे. रचना 'एक्स-पोस्ट फॅक्टो'. जिल्हा एक, तालुके दोन-तीन, प्रतिसादक १२०. प्रश्नावली, गुण, सरासरी, प्रमाण विचलन. मग सरासरी वजा एक प्रमाण विचलन याच्या खाली 'कमी', सरासरी अधिक एक याच्या वर 'जास्त', आणि मधले 'मध्यम'. मग निष्कर्ष : बहुसंख्य प्रतिसादकांची ज्ञानपातळी मध्यम आढळली. हे वाक्य तुम्ही किती प्रबंधांत वाचलंय? ते एवढ्या वेळा येतं कारण ते येणारच असतं. गुणांची वाटणी साधारण घंटेच्या आकाराची असेल तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक-एक प्रमाण विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के लोक बसतात. वाटणी अगदी सपाट असली तरी सुमारे ५८ टक्के. लोकांना काहीही येत असो, बहुसंख्य 'मध्यम'च निघणार.

पटत नसेल तर दोन काल्पनिक रोपवाटिका घेऊ. ४० गुणांची चाचणी. पहिल्या ठिकाणी सरासरी ८, प्रमाण विचलन २. 'मध्यम' म्हणजे ६ ते १०. दुसऱ्या ठिकाणी सरासरी ३२, प्रमाण विचलन २. 'मध्यम' म्हणजे ३० ते ३४. पहिल्या ठिकाणी कुणाला धड काही येत नाही, दुसऱ्या ठिकाणी जवळपास सगळ्यांना सगळं येतं. दोन्ही प्रबंधांचा निष्कर्ष एकच : बहुसंख्य मध्यम. ज्या मापाने या दोघांत फरकच दिसत नाही, त्या मापावर 'शिफारसी' उभ्या करून आपण शासनाला सांगतो की प्रशिक्षण वाढवा.

यावर उपाय अवघड नाही. निकष आधी ठरवा, माहिती गोळा करण्याच्या आधी. बागेच्या पर्यवेक्षकाला किमान काय आलंच पाहिजे? लॉनचं क्षेत्रफळ मोजता येणं, त्यावरून लाल माती आणि शेणखताचे ब्रास काढता येणं, मजुरांचा हजेरीपट लिहिता येणं, रोपांची मर धरून खरेदी करता येणं. हे येतं की नाही ते बघा. ४० पैकी २८ हा तुमचा निकष असेल तर तो का, ते लिहा. मग पहिली रोपवाटिका नापास होईल, दुसरी पास होईल, आणि तुमच्या निष्कर्षाला काही अर्थ उरेल.

'ट्रेनिंग नीड्स'वाल्या प्रबंधांचं दुखणं वेगळं आहे. तिथे आपण विचारतो, "तुम्हाला या विषयाचं प्रशिक्षण हवंय का? खूप, थोडं, नको." फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नको कोण म्हणेल? सगळ्यांना सगळं 'खूप' हवं असतं. गॅरी बोरिक यांनी १९८० साली एक साधी सुधारणा सुचवली होती. प्रत्येक कौशल्याबद्दल दोन प्रश्न विचारा : तुमच्या कामात हे किती महत्त्वाचं, आणि तुम्हाला ते किती जमतं. दोन्हींतल्या फरकाला महत्त्वाच्या सरासरीने गुणा. समजा, छाटणी : महत्त्व ४.५, जमतं ४. फरक ०.५, गुणाकार २.२५. आणि अंदाजपत्रक काढणं : महत्त्व ४, जमतं २. फरक २, गुणाकार ८. नुसतं महत्त्व विचारलं असतं तर छाटणी वर आली असती आणि आपण छाटणीचं अजून एक शिबिर भरवलं असतं. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण तुमच्या भागात काय निघतं ते बघण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. झेंडूवर जिबरेलिक अॅसिड फवारायचं असेल तर आपण काय करतो? नुसत्या पाण्याची फवारणी असलेला एक कंट्रोल ठेवतो. रिप्लिकेशन घेतो. कंट्रोल नसलेला प्रयोग घेऊन गाइडसमोर गेलो तर गाइड उभंही करणार नाही. पण माणसांच्या प्रशिक्षणाचा परिणाम मोजायचा म्हटलं की हेच सगळं विसरतो. प्रशिक्षणाआधी चाचणी, पाच दिवस व्याख्यानं, सहाव्या दिवशी तीच चाचणी, पेअर्ड टी-टेस्ट, 'अत्यंत लक्षणीय वाढ'. अहो, काल सांगितलेलं आज विचारल्यावर वाढ दिसणारच. प्रशिक्षण न घेतलेला, तसाच अनुभव असलेला गट कुठे आहे? सहा महिन्यांनी बागेत काय बदललं? डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण चार पायऱ्यांवर तपासायला सांगितलं होतं : आवडलं का, समजलं का, वागण्यात उतरलं का, आणि कामाचा निकाल बदलला का. आपण दुसऱ्या पायरीवर फोटो काढून घरी येतो.

चौथी पायरी मोजणं आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणालं तर त्याला १९९० सालची फळबाग योजना दाखवा. रोजगार हमीशी जोडलेली ही योजना महाराष्ट्राने सुरू केली तेव्हा अनुदानाचे हप्ते झाडं जगण्याच्या प्रमाणाशी बांधले. खड्डे किती खणले आणि रोपं किती आणली हे पुरेसं धरलं नाही. जगली किती ते मोजलं. लँडस्केपच्या कंत्राटातही वर्षभराची देखभाल आणि मेलेली रोपं बदलून देण्याची अट असते. म्हणजे सरकारला आणि कंत्राटदाराला जे माप सहज सुचतं, ते आपल्या प्रबंधात येत नाही. हाताखालच्या बागेत वर्षाअखेर किती टक्के रोपं जगली, याहून चांगलं माप मॅनेजरच्या प्रशिक्षणाला कुठलं?

आता 'स्टुडंट रेडी'बद्दल. २०१५ पासूनच्या या कार्यक्रमातलं 'एक्स्पिरिएन्शियल लर्निंग' ही मला खरोखर चांगली कल्पना वाटते. विद्यार्थी गटाने रोपवाटिका चालवतात, रोपं विकतात, नफा वाटून घेतात. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी गिऱ्हाइकाशी बोलतं. पण तुम्ही यावर संशोधन करणार असाल तर त्या नफ्याचा हिशोब बारकाईने बघा. जमीन विद्यापीठाची, शेडनेट विद्यापीठाचं, पाणी-वीज विद्यापीठाची, मुलांची मेहनत बिनमोल. हे खर्चात धरलंय का? फार्म मॅनेजमेंटच्या पेपरात आपणच कॉस्ट ए, बी, सी लिहितो; स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घरच्यांची मजुरी धरल्याशिवाय खरा खर्च निघत नाही असं ठासून सांगतो. ते सूत्र शेजारच्या शेडनेटला लावून बघा. नफा उरला तर उत्तमच. नाही उरला तर त्यातूनही मुलगा जे शिकेल ते चार व्याख्यानांत येणार नाही.

'मॅनेजमेंट शिकवून येत नाही, कामातून येतं' हा युक्तिवाद तुम्हाला चर्चेत ऐकायला मिळेल. अर्धा खरा आहे. लंडनच्या क्यू बागेचा डिप्लोमा वर्षानुवर्षं याच तत्त्वावर चालत आलाय : तीन वर्षं, आणि विद्यार्थी बागेत पगारी काम करत करत शिकतो. पण तिथे 'कामातून येतं' म्हणजे काम हाच अभ्यासक्रम असतो. आपल्याकडे 'कामातून येतं' म्हणजे डिग्रीनंतर तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडच्या सोयी तुकड्यातुकड्यांत आहेत. कृषी विद्यापीठांचा माळी प्रशिक्षण अभ्यासक्रम हाताला वळण लावतो. तळेगाव दाभाड्याला पणन मंडळाच्या केंद्रात पॉलिहाऊसचं प्रशिक्षण मिळतं. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेमार्फत २००२ पासून ॲग्री-क्लिनिकची योजना चालू आहे, तीत पदवीधरांना स्वतःचा व्यवसाय उभारायला शिकवतात. पुण्याला वैकुंठ मेहता संस्थेत कृषी-व्यवसायाचं व्यवस्थापन आहे. माळी, तंत्रज्ञ, उद्योजक, कंपनीचा अधिकारी, प्रत्येकासाठी एक दार आहे. बागेत उभा राहून चाळीस माणसांचं काम लावणाऱ्या माणसासाठी मात्र नाही. सहाव्या अधिष्ठाता समितीने कौशल्याचे कोर्स वाढवलेत, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय केलीय. त्यातून हा मधला माणूस घडतो का, हा ताजा आणि मोकळा प्रश्न आहे. घ्या कुणीतरी.

घेणार असाल तर प्रतिसादक कोण, याचा आधी विचार करा. अंतिम वर्षाच्या मुलांना 'तुमची व्यवस्थापकीय कौशल्ये कशी आहेत' विचारून काही मिळणार नाही. त्यांनी अजून कुणाला कामाला लावलेलंच नाही. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली बॅच शोधा. जे या क्षेत्रात टिकले ते सहज सापडतील. जे स्पर्धा परीक्षेला, बँकेत किंवा औषधांच्या कंपनीत गेले ते सापडायला वेळ लागेल, पण तुमचं उत्तर त्यांच्याकडेच आहे. फक्त टिकलेल्यांना विचारलंत तर प्रशिक्षण उत्तम होतं असंच निघेल.

आणि मुकादमाला विचारा. पदवीधर मॅनेजर पहिल्या सहा महिन्यांत काय चुकतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि आजवर त्याला कुठल्याच प्रबंधात जागा मिळालेली मी पाहिलेली नाही. समितीसमोर "सॅम्पल किती?" असं विचारतील. नऊ मुकादमांशी सविस्तर बोललात तर नऊ सांगा, आणि त्या नऊ जणांचं बोलणं १२० टिकमार्कांपेक्षा जास्त का सांगतं, हे एका परिच्छेदात लिहून ठेवा. हा परिच्छेद सिनॉप्सिसमध्येच असू द्या, व्हायव्हाला सुचत नाही. फक्त सकाळी मस्टर चालू असताना त्यांच्याकडे जाऊ नका. जेवणानंतर सावलीला बसलेले असतात तेव्हा जा, आणि छापील प्रश्नावली पिशवीतून लगेच बाहेर काढू नका.